दुसरं कडवं

तापलेला लोखंडी कंगवा क्लोतिल्दबाईंनी केसांतून ओढला आणि लिंदाउरा ताडकन खुर्चीतून उठली.

"अगं बस! कान भाजेल ना!"

लिंदाउरा बसली नाही. कपाटावरच्या रेडिओत एवारिस्तो सालगादो गात होता, आणि तो जे गात होता ते तिचं होतं. 'जाणारच असशील तर जा, दार मात्र उघडं ठेव. तू नाहीस तर नाही, निदान वारा तरी येईल.' मार्च महिन्यात, टेकडीवरच्या गरीब वस्तीतल्या आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून, काड्यापेटीवर बोटांनी ताल धरत तिनं ते रचलं होतं. आईनं आतून ओरडून विचारलंही होतं की भांडी कोण घासणार. आता तेच गाणं हा माणूस छाती फुगवून, तीस-बत्तीस वाद्यांच्या ताफ्यासमोर गात होता. गात कसला होता, बंदरातल्या जहाजाला हाका मारत होता.

"शब्द आणि संगीत," निवेदक म्हणाला, "स्वतः एवारिस्तो सालगादो!"

"माझं आहे ते गाणं," लिंदाउरा म्हणाली.

"हो का? मग मी पोपची धाकटी बहीण," क्लोतिल्दबाई म्हणाल्या. बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका खो खो हसल्या. "लहानपणापासून बघतेय तुला, लिंदाउरा. अशीच बाता मारायचीस. बस खाली, अर्धं डोकं राहिलंय."

लिंदाउरानं खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर फेकला आणि ती बाहेर पडली. एका बाजूचे केस सरळ, चकचकीत. दुसऱ्या बाजूचे जसे देवानं दिले तसे, फुललेले. कोपाकबानाच्या ट्राममध्ये लोक आधी बघायचे आणि मग तोंड फिरवून हसायचे. तिला त्याची पर्वा नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ती रात्री गायची तो 'निळा पोपट' क्लब दुपारी बंद असायचा. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, फरशीला फिनेलचा वास, आणि कोपऱ्यात पियानोशी आनसेल्मो. दोन वर्षं हा माणूस तिच्या मागे वाजवत होता. तिला सुरांची लिपी येत नव्हती. ती काड्यापेटी वाजवत गायची, आनसेल्मो कागदावर उतरवायचा. गाणी जी काय होती ती त्याच्या फायलीत होती.

"माझं गाणं त्याच्याकडे कसं गेलं?"

आनसेल्मोनं वर पाहिलं. तिच्या डोक्याकडे त्याची नजर गेली, पण हसायची त्याची छाती झाली नाही.

"नाटकं करू नकोस. या धंद्यात सगळे असंच करतात."

"सगळे अर्धं देतात. मोठा गायक गाणार म्हणून भागीदार म्हणून त्याचं नाव घालतात. मीही दिलं असतं. अर्धं मागितलं का त्यानं?"

"अर्ध्यात त्याचं भागत नाही."

"आणि तू पूर्ण दिलंस. तुझ्या बापाचं होतं?"

"कागदावर मी उतरवलं. कागद नसता तर ते गाणं कुठे होतं? तुझ्या काड्यापेटीत?"

"काय मिळालं तुला?"

आनसेल्मो पांढऱ्या पट्ट्यांवरची धूळ बोटानं पुसू लागला. "रेडिओच्या वाद्यवृंदात जागा. पहिल्या तारखेपासून. मला दोन मुली आहेत, मारा."

मारा. हे नाव तिला फाउस्तोनं, म्हणजे क्लबच्या मालकानं, चिकटवलेलं. मारा दुवाल. लिंदाउरा म्हटलं की गिऱ्हाइकाला टेकडी दिसते, म्हणे. दुवाल म्हटलं की पॅरिस. आवाज ऐकून फाउस्तो आतून आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते राहू दे. आधी डोक्याचं काहीतरी कर. अशा अवतारात उभी राहिलीस तर लोक दारूसुद्धा अर्धी टाकून पळतील."

दोघेही हसले. तिला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

गुरुवारी तिला रेकॉर्ड कंपनीत जायचं होतं. दोन महिने खेटे घालून मिळालेली वेळ होती, आणि तीही याच गाण्यासाठी. तिथले मेंदोन्सासाहेब एका रात्री क्लबात आले होते, त्यांनी 'दार उघडं ठेव' ऐकलं होतं. तरी ती गेली. साहेबांनी तिला बसाही म्हटलं नाही.

"ते तर सालगादोंचं गाणं आहे. बाजारात आलंय. दुसऱ्याच्या वस्तूवर आपला हक्क सांगत फिरता, लाज नाही वाटत?"

"साहेब, तुम्ही दोन महिन्यांपूर्वी माझ्याच तोंडून ऐकलंत."

"ऐकलं असेल. पोपटही बोलतो. आणि खरं सांगू का बाई? तुमचा आवाज म्हणजे चुलीपाशी कोणी पुटपुटतंय असा आहे. गाणं म्हणजे असं नसतं." त्यांनी घंटी वाजवली. शिपाई दार उघडून उभा राहिला.

त्या रात्री ती क्लबात उभी राहिली आणि तेच गाणं गायली. फाउस्तोनं लांबून डोळे वटारले. पहिलं कडवं तिनं जसंच्या तसं गायलं. दुसरं मात्र नवीन. टेकडीवर सांबा असाच गातात. पहिलं कडवं ठरलेलं. दुसरं ज्याच्या तोंडी येईल त्यानं तिथल्या तिथे जोडायचं. क्लबातही ती पहिल्यापासून असंच करायची. आनसेल्मोनं एका मंगळवारचं दुसरं कडवं उतरवून दिलं होतं, आणि एवारिस्तोला वाटलं, गाणं तेवढंच.

आता ती हट्टाला पेटली. रोज एक दुसरं कडवं. एक दिवस शिपायानं उघडलेल्या दारावर, एक दिवस ट्राममधल्या हसणाऱ्या लोकांवर, एक दिवस अर्ध्या डोक्यावर. छाती न फुगवता, समोरच्या माणसाशी बोलावं तसं, थोडं मागे रेंगाळत. महिनाभरात 'निळा पोपट'मध्ये टेबल मिळेनासं झालं. आदल्या दिवशी आलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ लागली. "काल काय गायली?" असं एकमेकांना विचारू लागली. फाउस्तोनं डोळे वटारायचं बंद केलं आणि टेबलं आणखी जवळजवळ लावली.

एवारिस्तोचा शनिवारी दुपारी रेडिओवर कार्यक्रम असायचा. भरलेल्या सभागृहातून थेट, सगळ्या देशाला ऐकू जाणारा. त्यानं 'दार उघडं ठेव' सुरू केलं आणि वरच्या सज्जातून कोणीतरी ओरडलं, "आजचं कडवं कुठाय?" लोक हसले. पुढच्या शनिवारी पाच-सहा जण ओरडले. त्याच्या पुढच्या शनिवारी तर अख्खा सज्जा ओरडला, "शिळं नको! आजचं पाहिजे!" सालगादोनं हसून वेळ मारून नेली, पण कॉलर ओली झाली.

शुक्रवारी दुपारी तो 'निळा पोपट'मध्ये आला. पांढरा सूट, केसांना तेल, आणि मागे फायल घेऊन आनसेल्मो. टेबलावरची एक खुर्ची फाउस्तोनं स्वतः खाली काढली, रुमालानं पुसली. लिंदाउरा उभीच होती.

"तू ती मारा का काय?"

"तुम्ही म्हणाल ते."

"हे बघ पोरी, मला वेळ नाही. उद्यासाठी एक कडवं पाहिजे. तुला येतात म्हणे पटापट."

"मी का देऊ?"

"कारण गाणं माझ्या नावावर आहे," एवारिस्तो शांतपणे म्हणाला. "माझ्या परवानगीशिवाय तू महिनाभर ते इथे गातेयस. मी आजच्या आज बंद करू शकतो. गाणं पण आणि वाटलं तर हे दुकान पण. विचार तुझ्या मालकाला."

फाउस्तो खाली बघत राहिला.

"गाणं बंद झालं तर तुझ्यात आहे काय?" एवारिस्तो म्हणाला. "आवाज तर नाहीच. टेकडीवर परत जाशील, लोकांचे कपडे धुशील. दे चटकन."

 लिंदाउरानं झग्याच्या खिशातून काड्यापेटी काढली. आनसेल्मोनं पियानोच्या झाकणावर कागद पसरला, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं. तिनं ताल धरला आणि डोळे न मिटता, एवारिस्तोकडे बघत, गायली:

'मी चोर आहे, लिंदाउरा,
तुझ्या उघड्या दारातून आत शिरलो,
तुझंच गाणं उचललं
आणि तुलाच ऐकवत फिरलो.'

आनसेल्मोची पेन्सिल पहिल्याच ओळीत थांबली. क्लबाच्या पगाराच्या कागदावर दर महिन्याला ती त्याच्या नावाखाली सही करायची. मारा दुवाल म्हणून नव्हे, लिंदाउरा म्हणून. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. फाउस्तोही चुळबुळला, तोंड उघडलं, मग 'आजच्या आज बंद करू शकतो' ही धमकी आठवून चीड आली असावी; त्यानं ते मिटलं.

"वा!" एवारिस्तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "प्रियकर चोर! बायका वेड्या होतील." मग त्याची भुवई वर गेली. "ही लिंदाउरा कोण पण?"

 लिंदाउराची बोटं काड्यापेटीवर घट्ट झाली. आता गेलं सगळं, असं तिला वाटलं.

"कोणी नाही, साहेब," आनसेल्मो म्हणाला. आवाज कोरडा होता. "असंच एक नाव आहे. तालात चांगलं बसतं."

"आणि ते शेवटी पुन्हा घ्या," तो खाली बघत लिहिता लिहिता म्हणाला. "नाव. दोनदा घ्या. लोकांच्या लक्षात राहतं."

एवारिस्तोनं कागद घडी करून खिशात घातला आणि गुणगुणत निघून गेला. आनसेल्मो फायल आवरू लागला. लिंदाउरा त्याच्याजवळ गेली.

"हे केलंस म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"मी मागितली का माफी?" आनसेल्मो म्हणाला, आणि पियानोचं झाकण लावलं.

शनिवारी दुपारी ती क्लोतिल्दबाईंच्या दुकानात जाऊन बसली. बाकावर त्याच बायका होत्या. क्लोतिल्दबाईंनी एकीच्या केसांत कंगवा घातला होता, तोंड चालूच होतं.

"आल्या बघा संगीतकार! काय गं, आज कोणाचं गाणं तुझं? राष्ट्रगीत?"

बायका हसल्या.  रेडिओवर सभागृहाचा गलका होता. सज्जातून ओरडा झाला, "आजचं कडवं!" आणि एवारिस्तो मोठ्यानं हसला, "आज आणलंय!" टाळ्या कडाडल्या. मग वाद्यं सुरू झाली. पहिलं कडवं झालं. मग त्या भरदार, सगळ्या देशाच्या ओळखीच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून, तो गायला की मी चोर आहे, लिंदाउरा, तुझंच गाणं उचललं. शेवटी नाव दोनदा घेतलं. दुसऱ्या वेळी तर लांबलचक, श्वास संपेपर्यंत.

सभागृहात लोकांनी डोक्यावर घेतलं. दुकानात कोणी हसलं नाही. बाकावरची एक बाई हळूच वळून लिंदाउराकडे बघू लागली, मग दुसरी. जळक्या केसांचा वास सुटला आणि खुर्चीतली बाई ओरडली, तेव्हा कुठे क्लोतिल्दबाईंनी कंगवा उचलला.

त्यांनी तो परत निखाऱ्यावर ठेवला. रेडिओ बंद करायला हात नेला, पण केला नाही. खुर्चीतल्या बाईच्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिला म्हणाल्या, "तू जरा थांब. ऊठ."

"अहो, माझं अजून..."

"ऊठ म्हटलं ना." टॉवेल झटकून त्या लिंदाउराकडे वळल्या, आणि नेहमीच्याच खेकसण्याच्या सुरात म्हणाल्या, "बस इथे. तुझी एक बाजू राहिली होती."