अंगण वाकडे नव्हते

मित्रांनो, माणसाचे पायाकडे लक्ष कधी जाते? ठेच लागली की. तोवर सगळे कौतुक चेहऱ्याचे. मी तर चाकांवरच्या एका घराचा पाय, तेव्हा माझ्याकडे कोण बघणार? मी एक जुना जॅक आहे, विजेवर चालणारा, मागच्या डाव्या कोपऱ्यातला. उरलेल्या कोपऱ्यांत माझी तीन भावंडे आहेत. पण जे माझ्या वाट्याला आले ते त्यांच्या आले नाही, म्हणून बोलायची पाळी माझी.

आमचे घर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचा ट्रेलर. आत पलंग, छोटा ओटा, खिडकीपाशी टेबल. चाके रबराची आणि त्यांच्या वर स्प्रिंगा, त्यामुळे घर एका जागी उभे केले तरी डुलत राहते. आत कोणी कूस बदलली की कपबशा वाजतात. म्हणून मुक्कामाला पोचले की बाहेरच्या बाजूचे बटण दाबायचे. माझी मोटर फिरते, आट्यांचा लांब दांडा फिरतो, मी खाली उतरतो आणि माझा तळवा जमिनीला टेकतो. मोटरचा आवाज जड झाला की बटण सोडायचे. एवढेच. घराचे वजन चाकांनी घ्यायचे असते. मी ते उचलायला नाही, फक्त सावरायला आहे. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी अगदी हेच लिहिलेली पिवळी पट्टी माझ्या अंगावर चिकटवली होती. मला खालीवर करून पाहिल्यावर शेजारणीला म्हणाल्या होत्या, "हा गुणाचा आहे, कुरकुर करत नाही." ते शब्द मी बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरले.

मला ज्यांनी घरी नेले ते घड्याळे दुरुस्त करणारे काका. जन्मभर एका अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून बसलेले. दुकान पुतण्याच्या हाती सोपवल्यावर ते काकूंना म्हणाले, आता जरा जग बघू. काकू शर्टांच्या कारखान्यात काजे-बटणांचे काम करत; त्याही मोकळ्या झाल्या होत्या. मग दोघे ट्रेलर घेऊन या तळ्याकाठून त्या तळ्याकाठी फिरू लागले. पण काकांचे जग बघणे खिडकीपाशीच अडकले. जिथे जातील तिथे शेजारच्या ट्रेलरमधले कोणी ना कोणी बंद पडलेले घड्याळ घेऊन येईच, आणि काकांना तेच हवे असे. काकू म्हणत, तळे कुठलेही असो, यांचा घाट एकच.

ते टेबल नेमके माझ्या डोक्यावर आहे. त्याचे पाय फरशीत स्क्रूने घट्ट बसवलेले, त्यामुळे टेबलावर जे घडते ते सगळे मला कळते. भिंग ठेवलेले कळते, चिमटा ठेवलेला कळतो. काका आलेल्या माणसाला मोठ्या अभिमानाने सांगत की केसाएवढी स्प्रिंग बसवताना श्वाससुद्धा रोखावा लागतो, आणि खालचा हा पाय असा धरून ठेवतो की दुकानातसुद्धा एवढे स्थिर टेबल नव्हते. हा पाय म्हणजे मी. मित्रांनो, अशी स्तुती ऐकली की लोखंडालाही ऊब येते.

काका टापटिपीचे भोक्ते. दर वर्षी रंगाचा डबा घेऊन ट्रेलरखाली शिरत आणि सांगाड्याला काळा रंग देत. पिवळी पट्टी त्यातच गेली. एका वर्षी त्यांना दिसले की माझी एक वायर जिथे बोल्टने सांगाड्याला जोडली आहे, तिथे तिच्याखाली जरासा गंज आहे. दुसऱ्या कोणी वरून ब्रश फिरवला असता. काकांनी बोल्ट सैल केला, वायरीखालची जागा निगुतीने रंगवली, आणि बोल्ट पुन्हा आवळला. घड्याळजीच तो, झाकलेली जागाही त्याला अस्वच्छ चालत नाही. पण वीज माझ्या अंगातून जाऊन त्याच वायरीने सांगाड्यात परतते. उघड्या लोखंडाला चिकटून असावी अशी वायर आता रंगावर बसली होती. मी अर्ध्यात उतरून धापा टाकत थांबू लागलो.

तेव्हा काकूंच्या धाकट्या भावाला बोलावणे गेले. तो वायरमन. घरात सगळे त्याला ठिणगी म्हणत, कारण त्याची जीभही तशीच होती. त्याने आधी बॅटरी तपासली, ती भरलेली. फ्यूज काढून उजेडात धरला, तो शाबूत. बटण उघडून पाहिले, तेही ठीक. मग शेजारच्या कोपऱ्यातल्या माझ्या भावाची वायर काढून माझ्या मोटरला लावली, तर मी सुरसुर खाली उतरलो. म्हणजे मोटर चांगली, खोट वाटेत. त्याने वायर धरून माग काढला, बोल्ट खोलला आणि पोटभर हसला. मग पॉलिश कागदाने रंग घासून लोखंड पांढरे केले, आणि भाऊजींना सांगितले की पुढच्या वेळी घराला हवी तेवढी पावडर लावा, पण वायरीखाली नको. काकाही हसले. मी पहिल्यासारखा झालो.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते.

त्याच उन्हाळ्यात काकूंचे मनगटी घड्याळ बंद पडले. लग्नात काकांनी दिलेले ते घड्याळ आजवर काकांखेरीज कोणी उघडले नव्हते. परवापर्यंत देतो, म्हणाले. त्यांनी ते उघडले, चाके काढून ताटलीत मांडली आणि चिमटा उचलला. आणि मला माझ्या डोक्यावर एक कंप जाणवला. बारीक, एका लयीचा, थांबून थांबून येणारा. आधी मला वाटले, वारा असेल. पण वारा घराच्या भिंतीला लागतो आणि चारी पायांना कळतो. हा फक्त मला कळत होता. काकांनी कोपर टेबलावर टेकले की यायचा, उचलले की जायचा. तो खालून वर जात नव्हता, वरून खाली येत होता.

"हा जॅक खिळखिळा झालाय," काका म्हणाले. "टेबल थरथरतंय. काम कसं करायचं?"

परवा गेला, त्यानंतरचेही दिवस गेले. काका रोज खाली वाकून मला हलवून बघत. तळव्याखाली एक फळी घातली, मग दुसरी. चाकांना मागूनपुढून अडसर लावले. तरी घड्याळ ताटलीतच. एकदा चिमट्यातून स्प्रिंग उडाली, तेव्हा त्यांनी मला हासडलेली शिवी मी तुम्हाला सांगणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे माझे झाले. आणि खरे सांगतो, मला भीतीही वाटू लागली. कारण चोर कोण हे मला कळत होते, आणि मला तोंड नव्हते.

ठिणगी पुन्हा आला. या वेळी त्याने माझे आटे घासून पुसले, तेल घातले, एकेक बोल्ट आवळला, धरून गदागदा हलवले. मी जागचा हललो नाही. वर जाऊन तो टेबलावर रेलला आणि सहज चेष्टेत म्हणाला, "भाऊजी, जॅक एकदम ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं, असं तर नाही ना तुमचं?"

एरवी काकांनी त्याला सव्याज परत केले असते. त्या दिवशी त्यांनी नुसते टेबलावरचे कोपर उचलून घेतले. काकू ओट्यापाशी कप विसळत होत्या, तो आवाजही थांबला. ठिणगीला यातले काही कळले नाही. तो हत्यारे आवरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका एकटेच बाहेर आले आणि माझे बटण दाबले. मी आधीच टेकलेलो होतो. आवाज जड झाला, तरी त्यांनी बोट काढले नाही. घराचा कोपरा माझ्या अंगावर चढू लागला. फ्यूज जळाला. मित्रांनो, फ्यूज हा राखणदार असतो, तो जळतो म्हणून वायर वाचते. काकांनी त्याच्या जागी जाडा फ्यूज बसवला, जो तिथे कधीच बसवायचा नसतो, आणि पुन्हा बटण दाबले. "आता हल," ते दातओठ खात म्हणत होते. "आता कसा हलतोस ते बघतो." वायर तापली. जळका वास सुटला. चाक जमिनीवरून सुटायला आले आणि घराचे सगळे ओझे माझ्या एका दांड्यावर आले. माझ्या मोटरच्या चाकांचे दाते एकामागून एक तुटले. कोपरा धपकन खाली बसला. आत भांडी घसरली, ताटली घसरली. ती काकूंनी दोन्ही हातांनी धरली म्हणून घड्याळाचे चाकन् चाक वाचले. माझी मोटर मात्र वाचली नाही.

काकू बाहेर आल्या. काकांचे बोट अजून बटणावरच होते. काकूंनी ते हलकेच काढले आणि बॅटरीची तार सोडवली. मग पेटीतून लोखंडी हँडल आणून माझ्या दांड्यात अडकवले. वीज नसली तरी त्या हँडलने मला हाताने उतरवता येते. गुडघे टेकून त्यांनी मला फिरवले, तळवा टेकला तिथे थांबल्या आणि काकांना आत घेऊन गेल्या.

टेबलावर काहीतरी ठेवल्याचे मला कळले. काठोकाठ पाण्याने भरलेला पेला होता तो.

"हात मांडीवर ठेवा," काकू म्हणाल्या. "आता बघा. हलतंय पाणी?"

"नाही."

"आता कोपर टेका."

काकांनी कोपर टेकले. तो ओळखीचा कंप पेल्यातून, टेबलातून, फरशीतून माझ्यापर्यंत आला. वर पाणी पेल्याबाहेर सांडले असावे, कारण थोड्या वेळाने एक थेंब फटीतून माझ्या अंगावर पडला. ते पाणीच होते की काय, मला सांगता येत नाही.

मग काकांनी विचारले, "तुला कधी कळलं?"

"तुमच्या शर्टांना मोठी बटणं लावली ना मी, त्याच्याही आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जॅकला बोल लावत होतात. म्हटलं, लावू देत थोडे दिवस. त्याला काय, लोखंडाला राग थोडाच येतो."

येतो, मित्रांनो. मला फार राग आला होता. पण हे ऐकले आणि तो कुठे गेला ते मलाच कळले नाही.

त्यानंतर दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले. आजाराचे नाव मला कोणी सांगितले नाही. गोळ्यांची डबी टेबलावर ठेवल्याचा आवाज तेवढा येतो. कंप कमी झाला, गेला नाही. काकूंचे घड्याळ काकांनी सगळ्या चाकांसकट डबीत भरले आणि स्वतः नेऊन पुतण्यासमोर ठेवले. तो ते जुळवत असताना शेजारी मांडीवर हात ठेवून बसले. परत आल्यावर काकूंचे मनगट कानाशी धरून म्हणाले, "चांगलं बसवलंय पोरानं." हे म्हणायला त्यांना किती जड गेले असेल ते मी माझ्यावरून ओळखतो.

ठिणगी नवी मोटर बसवायला आला, तेव्हा मान वर करत नव्हता. मी त्या दिवशी उगाच बोललो, म्हणाला. काका म्हणाले, "बरोबरच बोललास. नाचणाऱ्याला तेवढं माहीत नव्हतं." मोटर त्यांनी बसवू दिली नाही. आता मला हँडलनेच उतरवतात. ते जाडजूड आहे, दोन्ही हातांत मावते, आणि थरथरत्या हातांनीही फिरते. तळवा टेकला की काका थांबतात. मागे एकदा त्यांनी कापडाने माझ्या अंगावरचा काळा रंग थोडा घासला. खाली पिवळी पट्टी निघाली. ती वाचून त्यांनी मला हळूच थोपटले.

मित्रांनो, तुमच्या घरात काही डगमगू लागले तर खालच्याला जरूर तपासा. फ्यूज बघा, वायरीखालचा रंग घासा, आट्यांना तेल द्या. जो सावरायला ठेवला आहे त्याच्यावर सगळे ओझे टाकू नका. आणि खाली सगळे ठीक निघाले तर वर बघायला भिऊ नका, पण बघाल तेव्हा जपून बघा, चेष्टेने नको.

अजूनही काका दुपारी टेबलापाशी बसतात. भिंग नाही, चिमटा नाही, नुसते तळे बघत. त्यांनी हात टेबलावर ठेवला की कंप खाली यायला लागतो. मग शेजारी काकू येऊन बसतात, त्यांचा हात त्यावर पडतो, आणि कंप अर्धाच माझ्यापर्यंत येतो. तेवढा मी घेतो आणि जमिनीला देऊन टाकतो.