टाकीतलं तीर्थ

“हितं न्हाई फोडायचा,” असं म्हणून ईश्वरप्पाने मालकांच्या हातातला नारळ काढून घेतला. खंडेनवमीचा दिवस, भोकरच्या जिनिंगमध्ये मालकांचा सगळा गोतावळा जमलेला, अकराचा मुहूर्त जवळ आलेला, आणि हा एकोणसाठ वर्षांचा फिटर कापूस दाबायच्या प्रेसच्या तेलटाकीवर पंजा पसरून उभा. राजशेखर मालकांना आधी हसू आलं. अप्पा चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. बावीस हंगामांत अप्पाने एकदाही चेष्टा केली नव्हती, पण तेवढं ध्यानात यायला माणसाकडे कधीतरी बघावं लागतं.

गेल्या वर्षी याच टाकीवर पाच नारळ फुटले होते. मालकांचा, त्यांच्या आईचा, सासऱ्यांचा आणि दोघा पाहुण्यांचा. टाकीच्या माथ्यावरचं जाळीचं झाकण, ज्यातून टाकी हवा घेते, ते केव्हाच तुटलं होतं आणि भोकात चिंधी कोंबलेली होती. पाचही नारळांचं पाणी चिंधीतून सरळ आत गेलं. वर गळके पत्रे होतेच. ईश्वरप्पाने महिनाभरात तीनदा सांगितलं की तेलाचं ताक झालंय, सगळं उपसा, टाकी पुसून घ्या, अडुसष्ट नंबरचं सीलबंद तेल भरा. मालकांनी काय केलं, तर भंगारवाल्याकडून कुठल्यातरी यंत्रातून काढलेलं, गाळलेलं तेल आणून वरून ओतलं. तेल ते तेल, असं वर ऐकवलंही. महिनाभर वापरलेल्या तेलात कुणी याच्या पुऱ्या तळल्या असत्या तर या माणसाने ताट भिरकावलं असतं.

जानेवारीत जगदेवीची दोन बोटं गेली. दाबलेल्या कापसाच्या गठाणीला, म्हणजे गठ्ठ्याला, तारा बांधायचं काम तिच्याकडे होतं. प्रेस तेलाच्या दाबावर चालते; तिचा दांडा मधे आणला की वरचा दट्ट्या जागच्या जागी थांबायला हवा. त्या दिवशी तेलातल्या पाण्याने गंजलेला व्हॉल्व्ह अडकला आणि दट्ट्या वीतभर आणखी उतरला. चौकशीच्या कागदावर कारण आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. खाली साक्षीदार म्हणून ईश्वरप्पाची सही. सही केली नाहीस तर जिनिंगला कुलूप लागेल, चाळीस घरांच्या चुली विझतील, असं मालक म्हणाले होते, आणि अप्पाने मुकाट सही केली होती. नंतर तो दोन दिवस जेवला नाही. पण उपाशी राहून सही पुसली जात नाही, हे त्यालाही कळत होतं.

आज जगदेवी परत कामावर आली होती. हंगामाची पहिली गठाण तिनेच बांधायची, असं मालकांनी मोठ्या मनाने जाहीर केलं होतं. तीच टाकी, तेच तेल आणि तिचाच हात. ते ऐकल्यापासून ईश्वरप्पाचं डोकं सणकलं होतं.

मालकांनी समजुतीचा सूर लावला. पूजेच्या दिवशी अपशकुन नको, तेलाचं दिवाळीनंतर बघू. उन्हाळ्यापासून टाकी बंद आहे, वरून बघ तेल किती स्वच्छ दिसतंय, असंही म्हणाले. ईश्वरप्पाने पूजेच्या ताटातला पितळी पेला उचलला, टाकीच्या बुडाशी उकिडवा बसला आणि तळाचा नळ सोडला. आधी तांबूस, गंजकं पाणी आलं. मग पांढुरकं, फेसाळ तेल. भरलेला पेला घेऊन तो उठला आणि मालकांच्या तोंडासमोर धरला.

“घ्या. गेल्या सालचं तीर्थ हाय.”

मालकांच्या आई महानंदाबाई, देवाचा पेला बाटवला म्हणून पुटपुटल्या. मालकांचा चेहरा आधी उतरला, मग तापला. प्रेस चालू कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. ईश्वरप्पाने खिशातून प्रेसच्या मोटारीचे तीन फ्यूज काढून दाखवले. ते त्याने सकाळीच काढून ठेवले होते. मग तो जगदेवीकडे वळला. नऊ महिने तो तिच्यासमोर आला की खाली बघायचा.

“तुझी चूक नव्हती. तेल खराब व्हतं. मला म्हाईत असून म्या खोट्या कागदावर सही केली.”

ती रडेल असं बाकीच्या बायकांना वाटलं असावं, कारण दोघी तिच्याकडे सरकल्या. जगदेवीने नुसता पदर खोचला.

“मला म्हाईत हाय, अप्पा. तुमी कवा बोलता तेवढंच बघून राहिले व्हते. लई उशीर केला.”

उशीर झालाच होता. जगदेवीने मालकांना सांगितलं की तेल बदलल्याशिवाय आपण गठाणीला हात लावणार नाही, आणि तिथेच फरशीवर बसली. एकेक करत बाकीच्या सहाजणीही बसल्या. मुहूर्त टळला. ईश्वरप्पाने तो नारळ फाटकाजवळच्या दगडावर फोडला. जाण्याआधी त्याने फ्यूज आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू जगदेवीकडे दिली. टाकीचं नवं झाकण होतं ते. नांदेडला जाऊन त्याने स्वतःच आणलं होतं.

पाचव्या दिवशी ती त्याच्या घरी आली. तो ओट्यावर रिकामा बसला होता. फाटकावर त्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने सांगितलं की सीलबंद पिंप आलं, टाकी आतून पुसली, नवा फिटर झाकण बसवायला लागला तर तिने बसवू दिलं नाही.

“म्या बसवलं,” ती म्हणाली आणि तीन बोटांनी हवेतच झाकण पिळून दाखवलं.

खाली वॉशर टाकला का, असं ईश्वरप्पाने विचारलं. टाकला होता.

जगदेवीने पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“आता खरं लिव्हा.”

कागदाला हात लावण्याआधी त्याने सवयीने दोन्ही पंजे पँटला खसाखसा पुसले. हाताला तेल नव्हतंच.