सत्तावीस नंबरचा खुराक

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि तोंडाचा जरा फटकळ आहे. टेक्सासात, फ्रिस्कोबाहेरच्या एका संशोधन केंद्राच्या गोठ्यात माझी उमर गेली. मांसासाठी पाळलेल्या गुरांत कमी खाऊन जास्त वाढणारा वळू कोणता, हे तिथे शोधत. एकशेचाळीस दिवस रोज सकाळी प्रत्येक गोऱ्ह्याचा खुराक माझ्यावर चढे, आणि आदल्या दिवशीचं उष्टंही चढे. गोऱ्ह्याच्या गळ्यातल्या किल्लीने फक्त त्याच्याच गव्हाणीचं दार उघडे, म्हणजे शेजाऱ्याचं खायची सोयच नाही. पहिले पाच पैदाशीला राहत. बाकीचे कत्तलखान्यात जात.

गोठ्याचे प्रमुख डॉक्टर श्रीराम, मूळचे नागपूरचे. रोज आधी पन्नास पौंडांचं वजन ठेवून ते मला तपासत, फडक्याने पुसत. "हा खोटं बोलत नाही," असं पाहुण्यांना सांगत. मग मी दिवसभर हवेत.

१९८४ साली सत्तावीस नंबरचा गोऱ्हा आला. त्याच वर्षी लेक कॉलेजला गेली आणि श्रीरामांच्या बायकोला, वसुधाकाकूंना, घर खायला उठलं. दुपारी त्या नवऱ्याचा डबा घेऊन येत. तो ठेवण्याआधी कुंपणातून सत्तावीसला एक पोळी देत. गोग्रास हो. पुढे पोळीच्या जागी शिळे पाव आले, बेकरीतून पिशवी भरून आणलेले. त्यांची गाडी दिसली की तो धावत येई. मी सगळं पाहत होतो. पण माझ्यावर ठेवाल तेवढंच मी सांगणार, दुसरं काय करू?

सत्तावीस पहिला आला. श्रीराम हरखून गेले.

"वसू, तुझा लाडका टॉपला आहे. इतकं कमी खाऊन इतका वाढलेला मी पाहिला नाही."

"वाढणारच. माझ्या हातचे पाव खाल्लेत त्याने."

श्रीरामांचा चेहरा उतरला. "किती?"

"अहो, गोग्रास कोणी मोजून घालतं का?"

त्यांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "त्याचा रेकॉर्ड कॅन्सल करावा लागेल."

"नको ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. त्याची वासरं शंभर गोठ्यांत जातील, वसू. लोक माझ्या आकड्यावर विश्वास ठेवतात."

"मग आपण विकत घेऊ त्याला."

"अपार्टमेंटमध्ये बाराशे पौंडांचा वळू?" श्रीराम म्हणाले.

शुक्रवारी कत्तलखान्याचा ट्रक आला. सत्तावीस फळीवर पाय ठेवीना. माणसांनी विजेची काठी काढली, तेव्हा वसुधाकाकू पुढे झाल्या. "थांबा, मी नेते," म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि तो गुपचूप त्यांच्यामागे चढला. खाली उतरल्यावर त्या माझ्यावर भार टाकून उभ्या राहिल्या, आणि मी त्यांचं वजन दाखवत राहिलो. मला दुसरं काही येत नाही.

आता डिजिटल काटे आलेत, मी अडगळीत गंजतोय. त्याचं दुःख नाही. एका औंसानेही चुकलो नाही, तरी माझ्या तोंडून खोटं निघालं, हे सलतं. मित्रांनो, माया खुशाल करा, पण लपवून करू नका. ज्याचा निवाडा व्हायचा आहे त्याच्याबद्दल जे ठाऊक असेल ते वेळेवर सांगा. पाव मिळाले नसते तरी सत्तावीस कदाचित पहिलाच आला असता. ते आता कोणालाच कळणार नाही.