विचारल्याशिवाय करवत नको

मी छातीचं हाड कापणारी करवत बोलतेय. जे सांगणार आहे ते तसंच घडलं की वयोमानाने मी रचलं, याची मला खात्री नाही. विशेषतः यमुना सिस्टर धावत परत आल्या तेव्हा नेमकं काय म्हणाल्या, तिथे मी अडखळते.

जन्म आणि शिक्षण जर्मनीत. देशाने परदेशी मालाला दारं उघडली आणि मी पुण्यातल्या एका रुग्णालयात आले. परदेशातून आलेल्याला इथे मिळतो तो सगळा मान मला मिळाला. मग आमचे मोठे डॉक्टरही परदेशी जाऊन आले आणि दोन फासळ्यांमधल्या छोट्या छेदातून, कॅमेऱ्यात बघत हृदय दुरुस्त करू लागले. मी ट्रेमध्ये राखीव. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखी. दिसायचं, वापरात यायचं नाही.

अशात श्यामला आली. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक. वडील बद्रीनाथ, शनिवार पेठेतले निवृत्त प्राध्यापक. कॅलिफोर्नियाचं स्थळ आलेलं. हृदयातलं भोक पाहुण्यांना दिसत नाही, छातीवरचा व्रण दिसतो. म्हणून त्यांनी डॉक्टरांकडून शब्दच घेतला, "मला विचारल्याशिवाय करवत नको. मुलीचं लग्न व्हायचंय."

"लग्नाला आधी मुलगी लागते म्हणावं," यमुना सिस्टर ट्रे मांडताना पुटपुटल्या.

श्यामलाने टेबलावरून विचारलं, "डॉक्टर, बॅकअप काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"चालू करून बघितलीत?"

"बघितली हो. झोपा आता."

खरं तर बघितली नव्हती. सिस्टरांनी मला हळूच एकदा घरघरवून घेतलं.

सगळं सुरेख चाललं होतं. अचानक कॅमेऱ्याचा पडदा लाल झाला. रक्त कुठून येतंय ते एवढ्या महागड्या कॅमेऱ्याला दिसेना. "करवत!" डॉक्टर ओरडले. मग दिलेला शब्द आठवला. "सिस्टर, पळा, वडिलांना विचारा!" सुशिक्षितांचं हे असं. रक्त वाहतंय, आणि परवानगी काढायची.

सिस्टर परत आल्या. "हो म्हणाले," असं काहीतरी ऐकल्याचं आठवतं. मी हाड कापलं. रक्त थांबलं, भोकही बुजलं.

कॅलिफोर्नियाने "कळवतो" म्हणून सांगितलं. अजून कळवताहेत. श्यामला मात्र ठणठणीत आहे आणि गळाबंद कपडे घालत नाही, असं सिस्टर सांगायच्या.

आता माझी मोटर जाम आहे. काचेच्या कपाटात असते. नव्या डॉक्टरांनो, छेद हवे तेवढे छोटे घ्या. ट्रेमध्ये एक करवत ठेवा, आणि ती चालू करून बघा.

एकच गोष्ट मला वर्षानुवर्षं छळायची. त्या बापाने किती जड मनाने हो म्हटलं असेल! लेकीचा व्रण बघून तो रोज मला शिव्या देत असेल.

यमुना सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी कपाटापाशी उभ्या राहून नव्या मुलींना हीच गोष्ट सांगत होत्या. तेव्हा कळलं, बद्रीनाथ 'हो' म्हणालेच नव्हते. सिस्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना दाराकडे ढकलत ते ओरडले होते, "अहो, विचारत काय बसलात? कापा आधी!"