टॉवेलच्या गठ्ठ्यात काढलेला बार

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. वापरून वापरून जुनी झाले असते, तर ताठ मानेने सांगितलं असतं. पण मी ठेवून ठेवून जुनी झाले. जन्मल्यावर कारखान्यात तपासणीसाठी उडवली ती वेळ सोडली, तर मित्रांनो, मी आयुष्यात एकदाच उडाले. त्या एका बाराची ही हकीकत आहे आणि ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म तिकडे बिहारातल्या मुंगेरचा. एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि मला गवतात गुंडाळून पेटीत घातलं. रेल्वेने मी सोलापुरात आले. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात आम्ही चौघीजणी उभ्या असायचो. सगळ्यात थोरली ठासणीची. तिच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्या, मग छर्रे घालून गजाने ठासायचं. तिचा दुसरा बार भरेपर्यंत शिकार बार्शीला पोचते, असं आम्ही तिला चिडवायचो. तिच्या पलीकडे एकनळी. बिचारी हलकी आणि स्वस्त, रानडुकरं हाकलायला शेतकरी घेऊन जात. आणि चौथी विलायती, पाच फैरींची. नळीखालच्या पोटात पाच काडतुसं ठेवायची आणि हात मागेपुढे केला की एकामागून एक बार. तिचा तोरा काय सांगावा! पण एखादं काडतूस वाकडं गेलं की बाईसाहेब रुसून बसायच्या, मग कोणी कितीही मनधरणी करो.

गर्दीने शत्रू चालून आला तर आपल्यातली कामाची कोण, यावर आमची रोज भांडणं व्हायची. मी म्हणायची, माझ्या दोन नळ्या म्हणजे एक हुकली तरी दुसरी आहेच. किती फैरी, किती लांब, छर्रे किती पसरतात, हे सगळं आम्ही मोजलं. आमचा आवाज किती लांब जातो, हे मात्र एकीनेही मोजलं नाही.

मला सिद्धप्पाने घेतलं. सिद्धप्पाचं घर भवानी पेठेत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बारा मागांचा कारखाना. तिथे टॉवेल निघायचे. माणूस जन्माचा मालक नव्हता. वीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर उभा राहून वर आला होता. त्या वीस वर्षांत मागांच्या खडखडाटाने त्याचे कान गेले. त्याच्याकडचे आठ विणकरही तसेच, आणि त्यांच्यातला सगळ्यात वयस्क ईरप्पा तर ठार बहिरा. ती माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत, नाहीतर हातांनी. मूठ वळली की धागा तुटला, तळवा आडवा फिरवला की सगळं ठीक, दोन मुठी पुढेमागे हलवल्या की माग सुरू झाला. नीट ऐकू येणारी माणसं त्या आवारात दोनच. एक सिद्धप्पाची बायको काशम्मा आणि दुसरा फाटकावरचा वॉचमन धोंडीराम.

सिद्धप्पाने मला वापरायला घेतलंच नव्हतं. परवाना मिळतो म्हणून घेतलं, आणि सिद्धप्पाकडे बंदूक आहे असं चार लोकांनी म्हणावं म्हणून घेतलं. मी वर्षभर कपाटात असायची. खंडेनवमीला मात्र माझी बडदास्त! मागांना झेंडूच्या माळा, धोट्यांना हळदकुंकू, आणि मधोमध पाटावर मी. माझ्यापुढे काडतुसांचा खोका. सिद्धप्पा भक्तीने आम्हांला दुधाचं पाणी शिंपडायचा. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं. काडतुसं होती कागदाच्या नळीची. दर वर्षी ती भिजायची, दर वर्षी थोडी फुगायची. नळीत एकदा फडकं घालावं, काडतुसं उन्हात ठेवावीत, हे त्याला कधी सुचलं नाही. पूजा झाली म्हणजे निगा झाली, अशी त्याची समजूत.

मग एकोणीसशे पंच्याहत्तरचा उन्हाळा आला आणि तो रोग आला. माणूस तापाने मरायचा आणि तासाभरात उठायचा. उठून चालायला लागायचा, पण तो माणूस राहिलेला नसायचा. दिसेल त्याला चावायचा. ज्याला चावलं तो मरायचा आणि तोही उठायचा. सरण रचायला वेळ मिळेना. आठ दिवसांत शहरात जिवंत माणसांपेक्षा उठलेल्यांचीच संख्या जास्त झाली. त्यांना धड दिसत नसे. ते आवाजावर यायचे. आणि सोलापूरचं ऊन त्यांनाही सोसत नसे; भर दुपारी ते लिंबाखाली, पत्र्याखाली, सावली मिळेल तिथे गप उभे राहत.

सिद्धप्पा काशम्माला आणि मला घेऊन कारखान्यात आला. आठ विणकर तिथेच अडकले होते. धोंडीरामने फाटक लावून घेतलं. अकरा माणसं झाली. वीज गेलेली, माग बंद. आणि मित्रांनो, साऱ्या शहरात आवाजामुळे माणसं मरत असताना ही माणसं हातांनी बोलत होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन त्यांनी एकोणीस दिवस काढले. फाटकाबाहेर उठलेले यायचे, थबकायचे, काही ऐकू येत नाही म्हणून निघून जायचे. मला वाटलं होतं, ही माणसं वाचणार.

धोंडीराम भर दुपारी बाहेर जाऊन पाणी आणि बातमी आणायचा. माझ्या तिघी सोबतिणींचं काय झालं ते मला त्याच्याच तोंडून कळलं. ठासणीवाल्याचा एक बार लागला, दुसरा ठासताना तो गेला. पाच फैरींची सात रस्त्यावरच उडाली. "पाच पडले अक्का, आन आवाज ऐकून पाचशे आले," धोंडीराम काशम्माला म्हणाला. एकनळीवाला शेतकरी तेवढा वाचला, कारण त्याच्याकडे काडतूसच नव्हतं. त्याने तिला उलटी धरून काठीसारखी चालवली. दस्ता मोडला, पण गडी आपल्या शेतावर पोचला. ज्या फैरींवरून आम्ही कपाटात भांडलो, त्यांची किंमत ही.

विसाव्या दिवशी पाण्याची टाकी तळाला गेली आणि जवळचा पंपही आटला. धोंडीरामने बेत सांगितला. त्याची वस्ती तीन कोसांवर होती, तिथे विहीर होती, भोवती बाभळीचं दाट कुंपण होतं. उद्या बाराच्या उन्हात निघायचं, पायांना टॉवेल गुंडाळायचे, कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"बंदूक हितंच ठिवा, मालक," तो सिद्धप्पापुढे उभा राहून ओठ नीट हलवत म्हणाला. "तिचं काय बी काम न्हाय."

"दहा माणसं माझ्या भरोशावर हायती," सिद्धप्पा म्हणाला. "रिकाम्या हातानं कसा नेऊ?"

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला खरंच काळजी होती. त्याने खोका उघडला, एकेक काडतूस माझ्या नळीत घालून पाहिलं. पंचवीसपैकी एकोणीस फुगलेली, आत जाईनात. सहा गेली. पण ती सहा तरी उडतील का? दहा वर्षं दूधपाणी प्यालेली दारू ती! आणि ऐन रस्त्यात चाप ओढला आणि नुसतं टक् झालं तर? हा किडा त्याच्या डोक्यात शिरला आणि निघेना.

दुपारी चारच्या सुमाराला धोंडीराम पायांना टॉवेल गुंडाळून कारखान्याच्या पत्र्यावर चढला होता. पायांचा आवाज होतो का, ते त्याला तपासायचं होतं. खाली सिद्धप्पाने टॉवेलचे बारा गठ्ठे एकावर एक रचले, मधे फट ठेवली आणि माझं तोंड त्या फटीकडे केलं. एक बार काढून बघायचा. गठ्ठे आवाज गिळतील.

काशम्मा धावत आली. तिने त्याचा दंड धरला. "बेडा री! नका हो उडवू. आवाज लई हुईल."

"एवढ्या टॉवेलात कसला आवाज?" सिद्धप्पा म्हणाला. "तुला उगीच भ्या वाटतंय."

ती पुन्हा नको म्हणाली. तिने हात जोडले. तोवर त्याने मान वळवली होती, आणि तिचे ओठ दिसले नाहीत की त्याला ती ऐकू येत नसे. त्याने चाप ओढला.

काडतूस चांगलं निघालं. काय सांगू, एका क्षणापुरता मला आनंद झाला! इतक्या वर्षांनी मी बंदूक झाले होते. मग वरचा पत्रा डफासारखा वाजला, आवाज माळावर गेला, पलीकडच्या कारखान्यांवर आपटून परत आला आणि पुन्हा गेला. माझाच आवाज मला पहिल्यांदा कळला.

सिद्धप्पाला खांद्याला धक्का तेवढा जाणवला. त्याने वळून विणकरांना हातांनी विचारलं, आलं का ऐकू? ईरप्पाने मान हलवली, नाही. दुसऱ्याने हलवली. आठही जणांनी हलवली. सिद्धप्पाचा चेहरा उजळला.

धोंडीराम शिडीवरून उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो काशम्माजवळ गेला. दोघांनी सगळ्यांकडे पाठ केली, कारण ओठ दिसायला नको होते, आणि मग ती दोघं नऊ माणसांच्या देखत चांगली मोठ्याने बोलली.

"समदी हलली, अक्का. लिंबाखालची, टाकीखालची, समदी. रस्त्याच्या दोनी अंगानं येत्यात, मागच्या माळावरनं बी."

"किती वेळ?"

"अर्धा तास. ऊन हाय तवर सावकाश चालतील."

"फाटक?"

"एवढ्यांपुढं न्हाय टिकायचं."

"तू जा," काशम्मा म्हणाली. "एकटा असलास तर निसटशील. तुला ऐकू येतंय."

 धोंडीराम खाली बसला आणि पायांचे टॉवेल सोडायला लागला. "भाकरी काढा, अक्का," तो म्हणाला. "उद्याची बी काढा."

सिद्धप्पा मला घेऊन बायकोजवळ आला. "लई मोठा झाला का गं?" त्याने विचारलं. पोराने पाटी दाखवावी तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

काशम्माने त्याच्याकडे वळून तळवा आडवा फिरवला. "काय न्हाय. उशी आपटल्यागत झाला."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो हसला. मग त्याने चिंधी तेलात भिजवली आणि माझी नळी पुसायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी नळी नीट पुसत होतं, आणि त्याचा हात मला नकोसा झाला होता.

काशम्माने सगळ्या भाकऱ्या मांडल्या. उद्या चालायचंय, पोटभर खा, असं तिने प्रत्येकाला खुणेने सांगितलं. माणसं एकोणीस दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. कुणीतरी चटणी मागून घेतली. बाहेर पाय घासल्याचा आवाज यायला लागला. आधी लांब, मग भिंतीपाशी. तो आवाज मी ऐकला, काशम्माने ऐकला, धोंडीरामने ऐकला. ती दोघं जेवत राहिली.

ईरप्पा फाटकाजवळच्या मागाला टेकून बसला होता. त्याच्या पाठीला हादरे जाणवले. त्याने जमिनीवर हात ठेवून पाहिला, आणि म्हाताऱ्याचं तोंड आनंदाने फुललं. त्याने दोन्ही मुठी वर धरल्या आणि पुढेमागे हलवल्या. माग सुरू झाला! वीज आली!

सगळ्यांनी काशम्माकडे बघितलं. काशम्माने मान डोलावली, होय.

मित्रांनो, तुम्ही कुठे आहात, आहात की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी निगा राखायची विनवणी करतात. मी उलटी विनवणी करते. मी कुठे सापडलेच, तर मला पुसू नका, भरू नका, पाटावर मांडू नका. दगडाने माझ्या नळ्या चेपा आणि पुढे चला. आणि चालताना तुमच्यात ज्याला नीट ऐकू येतं त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवा. तो थांबा म्हणाला की थांबा. त्या दिवशी बार काढण्याआधी काशम्माने दोनदा सांगितलं होतं.