तौनोची बिळं

गावच्या फोटो मंडळात तौनोला सगळे 'बिळवाला' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अकरा हिवाळे त्यानं वाचनालयातल्या प्रदर्शनात बर्फातल्या भोकांचे फोटो लावले होते. खाली दर वेळी नाव एकच: 'तेरी'.

तेरी म्हणजे काळाभोर, लाल भुवयांचा रानकोंबडा. थंडी वाढली की तो बर्चच्या झाडाच्या शेंड्यावरून थेट बर्फात सूर मारतो आणि आत उबेला झोपतो. उठला की बर्फ फोडून तोफेच्या गोळ्यासारखा वर येतो. तौनोला तो क्षण हवा होता. अडचण एवढीच, की तेरी शिरतो तिथून बाहेर येत नाही. आतल्या आत सरकून भलतीकडूनच उडतो. तौनोचा कॅमेरा मात्र इमानेइतबारे दाराशी उभा.

"पक्षी कुठाय?" मंडळाचा अध्यक्ष रेइयो दरवर्षी विचारायचा.

"आत."

"मग हाक मार की त्याला, लेका!"

यंदा डॉक्टरांनी गुडघा दाबून सांगितलं होतं, बर्फात बसणं या हिवाळ्यापुरतंच.

"जा, बस," बायको हिल्का म्हणाली. "पण दोनला कॉफीला घरी ये. आणि माझी लेसची चादर फाडलीस तर तूही बिळातच राहा."

चादर पांढरी होती, म्हणून तौनो ती पांघरायचा. त्या दिवशी एक तेरी भरदुपारी त्याच्यासमोरच बर्फात शिरला. तौनोनं भोकावर कॅमेरा रोखला, बटणाची तार हातमोज्यात धरली आणि बसला. बर्फ भुरभुरू लागला. हळूहळू चादर कुठं संपते नि रान कुठं सुरू होतं, कळेना. मग तौनो कुठं संपतो, तेही कळेना. तो खाली कुठंतरी उतरला होता. निळसर उजेड, मऊ ऊब, आणि शेजारी कुणीतरी पंखात चोच खुपसून बसलेलं.

"कुठल्या दारानं आलास?" त्यानं विचारलं.

तौनोला आठवेना.

"मग जाताना अडचण नाही," पक्षी म्हणाला.

अडीच वाजता हिल्का स्कीच्या बुजत चाललेल्या खुणा धरून आली. मोकळ्या जागी खुणा संपल्या. नवरा नव्हता, नुसतं एक भोक होतं. भोकापलीकडे उभी राहून तिनं हाका मारल्या, मग फोन लावला.

समोरच्या ढिगाऱ्यात घंटी वाजली. ढिगारा फुटला, आणि लेससकट तौनो उभा राहिला. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागचा बर्फही फुटला. डोक्यावरून पंखांचा धडधडाट गेला. तौनोची मूठ आवळली. खट्.

"मेल्या, मला वाटलं मेलास!" हिल्का रडत ओरडली. मग म्हणाली, "केवढा होता रे! टोपी उडवली त्यानं माझी!"

"मी नाही पाहिला," तौनो म्हणाला. "मागून आला, आणि चादर डोळ्यांवर होती."

कॅमेऱ्यात बारावं भोक निघालं. पण भोकापलीकडे हिल्का होती: टोपी उडालेली, गालांवर बर्फ, तोंड उघडं, आणि डोळे वर कुठंतरी, लहान मुलीसारखे. तौनो तो फोटो बराच वेळ पाहत बसला. मग त्यानं खाली नेहमीचंच नाव लिहिलं.

प्रदर्शनात रेइयो सवयीनं फोटोसमोर थांबला. "पक्षी कु..." म्हणता म्हणता त्याची मान आपोआप वर गेली.

वर वाचनालयाचं छत होतं. तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला.