वेळेवर पोचलेली गाडी

आमची लाकडाची रेल्वे जेमतेम अकरा महिने जगली. डोंगरातल्या लाकूडतोडीपासून खालच्या आरागिरणीपर्यंत नऊ मैलांचे रूळ. दादा इंजिन चालवायचा, मी भट्टीत लाकूड घालायचो. लाकडाच्या रेल्वेने कोळसा विकत घ्यावा, हे मालकांना कमीपणाचं वाटे.

दादाला गिरणीमागे दोन खोल्या मिळाल्या होत्या. सात वर्षं सासरच्या एका खोलीत पडदा लावून काढलेल्या वहिनीने पहिल्या दिवशी नुसतं दार लावून-उघडून पाहिलं, चार वेळा.

गाडी रोज उशिरा यायची. शेवटी मालकांची चिठ्ठी आली. आम्हा दोघांना अक्षर येत नव्हतं, कारकुनाने वाचली : "सोमवारी मी स्वतः येतोय. दहाच्या आत गाडी गिरणीत लागली नाही, तर रूळ उपटीन."

वहिनी म्हणाली, "भावजी, काहीही करा, पण गाडी वेळेत आणा. मी पुन्हा पडद्यामागे जायची नाही."

सोमवारी जळण पावसाने चिंब. मधल्या चढावर इंजिनाने मान टाकली.

"मागे काय भरलंय?" दादाने विचारलं.

"माल. सहा महिने वाळवलेला, ताडपत्रीखाली."

"चिठ्ठीत मालाचं काही होतं?"

"नाही बुवा. वेळेचंच होतं."

"मग कुऱ्हाड घे."

इंजिन जन्मात धावलं नव्हतं असं धावलं. ओझं घटेल तसा वेग वाढे, वेग वाढेल तशी भट्टीची भूक.

दहाला सात मिनिटं असताना शिट्टी वाजवत आम्ही गिरणीत शिरलो. मालकांनी घड्याळ पाहिलं, दादाच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या!"

मग ते मागे गेले. चार डब्यांत मिळून एक ओंडका होता. गाठीचा, म्हणून कुऱ्हाडीला दाद न दिलेला.

"बाकीचा माल?"

"त्याच्याच जोरावर आलो, मालक," दादा म्हणाला. छाती अजून फुगलेलीच.

त्या ओंडक्याची गिरणीने फळी काढली, रंगवली आणि आमच्या दाराशेजारी ठोकली. कारकुनाने वाचून दाखवलं : रेल्वे बंद, आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा.

वहिनीने ट्रंकेतून जुना पडदा काढला, झटकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तो एक कशाला ठेवलात, भावजी? तोही घालायचा होता."